ओटीपोटाची सोनोग्राफी

गर्भाशय, अंडाशय, मूत्राशय आणि पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी यांची ध्वनिलहरींनी करायची तपासणी. हिच्यात क्ष-किरण नसतात, सुई नसते, भूलही नसते. पाळीच्या तक्रारी, अंगावरून जास्त जाणे, ओटीपोटात दुखणे, दिवस न राहणे, लघवी अडणे अशा कारणांनी डॉक्टर ती लिहून देतात. विदर्भाच्या खेड्यांत बायका तिला 'पिशवीची सोनोग्राफी' म्हणतात.

पोटावरून तपासायचे तर मूत्राशय भरलेले लागते. हवेतून ध्वनिलहरी नीट पुढे जात नाहीत; भरलेले मूत्राशय वायूने फुगलेली आतडी बाजूला सारते आणि मागचे गर्भाशय स्पष्ट दिसते. म्हणून तासभर आधी साधारण एक लिटर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची. खरा त्रास हाच. घरूनच पाणी पिऊन सकाळच्या एसटीत बसले, तर तालुक्याला पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा केंद्रावर जाऊन नंबर लावावा आणि मग बाटली तोंडाला लावावी. अगदीच सोसेना तर सांगावे. प्रमाणाबाहेर भरलेल्या मूत्राशयानेही चित्र बिघडते. नुसत्या ओटीपोटासाठी उपाशी राहावे लागत नाही. चिठ्ठीवर 'पूर्ण पोट' लिहिले असेल, तर पित्ताशय नीट दिसावे म्हणून ६ ते ८ तास काही खायचे नसते.

टेबलावर उताणे झोपवून साडी किंवा सलवार कमरेखाली थोडी सरकवतात, थंडगार जेल लावतात आणि प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे हातातले उपकरण) दाबून फिरवतात. भरलेल्या मूत्राशयावर तो दाब नकोसा वाटतो. १५-२० मिनिटांत काम होते. कधी लघवी करून यायला सांगून मागे किती उरली तेही मोजतात.

'खालून' करायच्या सोनोग्राफीत उलट मूत्राशय रिकामे लागते. निरोध चढवलेला बारीक प्रोब योनीमार्गात घालतात. अंडाशय आणि गर्भाशयाचे अस्तर यात जास्त स्पष्ट दिसते. शरीरसंबंध न आलेल्या मुलींची सहसा पोटावरूनच करतात. संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही. सोबत बाई हवी असे म्हणण्यात संकोच कशाचा?

बाई गरोदर असेल तर 'एफ' फॉर्म, म्हणजे तपासणी कशासाठी केली याची नोंद, भरावा लागतो. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, तर केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. केंद्रावरची 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी त्या कायद्यामुळेच आहे.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची स्त्रीरोगांसाठी तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. अंगावर काढणे किती खोल मुरले होते ते यावरून कळते.

रिपोर्टातला 'बल्की युटेरस' हा शेरा गावात पोचेपर्यंत 'पिशवीला सूज' होतो आणि पिशवी काढायची भाषा सुरू होते. बाळंतपणे झालेल्या बाईचे गर्भाशय थोडे मोठे असणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. पाळी चालू असलेल्या वयात अंडाशयावरची साधी पाण्याची गाठही पुष्कळदा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते. पाळी कायमची गेल्यावर रक्त गेले, तर मात्र थांबू नये. अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसल्यास त्याचा तुकडा तपासतात. पुढच्या खेपेला तुलना करता यावी म्हणून जुना रिपोर्ट फिल्मसकट सोबत न्यावा.