कम्युटर अकाउंट आणि एफएसए: कार्ड एकच, नियम वेगळे

न्यू जर्सीत नवी नोकरी लागली की एचआरच्या फॉर्ममध्ये कम्युटर बेनिफिट (कामावर ये-जा करायच्या खर्चासाठीचं खातं) आणि हेल्थ एफएसए (औषधोपचाराच्या खर्चासाठीचं खातं) हे दोन पर्याय बहुतेकदा शेजारीशेजारी येतात. दोन्हींत कर कापण्याआधीच पगारातून पैसे वळते होतात, बऱ्याचदा डेबिट कार्डही एकच असतं. मग एफएसएबद्दल ऐकलेलं ‘वर्षअखेर उरले ते बुडाले’ लोक कम्युटरलाही लावतात आणि घाबरून ते खातं उघडतच नाहीत. रोज ट्रेनने मॅनहॅटन गाठणारी आपली माणसं ही बचत सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ती भीती एफएसएपुरती रास्त आहे. तिथे रक्कम वर्षासाठी एकदाच ठरवायची, २०२६ साठी कमाल ३,४०० डॉलर. मध्येच बदलायची तर लग्न, मूल असं कारण लागतं. कंपनीने मुभा दिली असेल तर ६८० डॉलरपर्यंत पुढच्या वर्षात नेता येतात.

कम्युटरचा हिशेब महिन्याचा. मर्यादा महिना ३४० डॉलर. पुढच्या महिन्यापासून आकडा वाढवा, कमी करा, शून्यावर आणा. कारण द्यावं लागत नाही. उरलेले पैसे, नोकरी आहे तोवर, साधारणपणे पुढे सरकतात. समजा महिन्याला २०० डॉलर वळते केले आणि तुम्ही २२ टक्के फेडरल कराच्या टप्प्यात आहात. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्केही वाचतात, म्हणजे महिन्याला ५९ डॉलर, वर्षाला सातशेच्या वर.

खर्च करायची रीतही वेगळी, आणि पुण्या-मुंबईत मार्चआधी बिलं जमा करायची सवय असलेले इथेच फसतात. एफएसएत डॉक्टरचे पैसे खिशातून भरून नंतर पावती लावता येते. ट्रेन-बसच्या बाबतीत, या खात्याचं डेबिट कार्ड सहज मिळत असेल तर तिकिटाची पावती देऊन रोख परतावा मिळत नाही. न्यू जर्सी ट्रान्झिटचा मासिक पास त्या कार्डावरच घ्यायचा. पार्किंगची पावती मात्र चालते. मेट्रोपार्क स्टेशनला गाडी लावून पुढे ट्रेन पकडत असाल तर त्या पार्किंगसाठी महिन्याला वेगळे ३४० डॉलर आहेत. पास आणि पार्किंग या दोन खात्यांतले पैसे साधारणपणे एकमेकांत फिरवता येत नाहीत. पेट्रोल, टोल आणि घराजवळचं पार्किंग यात बसत नाही.

नोकरी सुटली की चित्र उलटतं. एफएसएची वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. फेब्रुवारीत चष्मा, दातांवर सगळी खर्च करून मार्चमध्ये नोकरी सोडली तरी झालेला खर्च आणि पगारातून कापलेले पैसे यांतला फरक परत मागत नाहीत. कम्युटरमध्ये जमा झालं तेवढंच वापरता येतं, आणि नोकरी गेली की पासासाठी साठलेली शिल्लक रोख मिळत नाही. एच-वन-बीवर असाल, कंपनीत कपातीची कुजबुज असेल, तर खात्यात एका पासापुरतेच पैसे ठेवा. नोकरी बदलणार असाल तर राजीनाम्याआधी वळते होणारे पैसे थांबवून शिल्लक पासात संपवा.

फॉर्मवर कम्युटरचा पर्यायच नसेल तर एचआरला विचारा. न्यू जर्सीत वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना तो देणं कायद्याने बंधनकारक आहे.