लष्करी ट्रकची अस्सल रंगनिवड

सेवेतून बाहेर पडलेल्या जुन्या लष्करी ट्रकचे पुनरुज्जीवन करताना, तो वापरात असतानाच्या रंगाची छटा, झळाळी, थरांचा क्रम आणि त्यावरील खुणा पुराव्याच्या आधारे निश्चित करणे म्हणजे अस्सल रंगनिवड होय. ‘मिलिटरी हिरवा’ या नावाने मिळणारा तयार डबा आणून गाडीवर मारणे आणि ही निवड यांत मोठे अंतर आहे, कारण कोणत्याही सैन्याचा हिरवा रंग कायम एकच राहिलेला नाही. कच्च्या मालाची टंचाई, युद्धभूमीचे स्वरूप, मित्रराष्ट्रांच्या वाहनांशी मेळ घालण्याची गरज आणि रंगाचे बदलते रसायन यांमुळे तो वेळोवेळी बदलत गेला. त्यामुळे रंग कोणता, हे ठरविण्याआधी ट्रक कोणत्या वर्षीचा आणि कोणाच्या सेवेतला म्हणून उभा करायचा आहे, हे ठरवावे लागते.

सोलापूर परिसरात या विषयाला इतिहासाचे पाठबळ आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सेनेची मुख्य फौज सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाली, नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल तिने शाबूत ताब्यात घेतला आणि पाच दिवसांत मोहीम आटोपली. त्या काळात सेनेकडे असलेले ट्रक बहुतांशी दुसऱ्या महायुद्धातलेच होते. कॅनडात बनलेल्या शेव्हरोले व फोर्डच्या बसक्या तोंडाच्या गाड्या, अमेरिकी डॉज व जीएमसी आणि विलीज जीप ही त्यांतील ठळक नावे होत. युद्धानंतर अशी वाहने लिलावात निघून नागरी हाती आली. त्यांना आजही ‘डिस्पोजलची गाडी’ म्हटले जाते. सोलापूरच्या रस्त्यावरून १९४८ साली गेलेल्या ट्रकसारखा ट्रक उभा करायचा असेल, तर त्यावर १९७० च्या दशकातला हिरवा रंग लावणे ही इतिहासाची चूक ठरते, मग रंगकाम कितीही सुबक असो.

ब्रिटिश आणि त्यांच्या अखत्यारीतील भारतीय सैन्याच्या वाहनांबाबत हा कालक्रम विशेष महत्त्वाचा आहे. युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत खाकीकडे झुकणारा हिरवा रंग प्रमुख होता. पुढे हिरव्या रंगद्रव्यासाठी लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई भासू लागली, तेव्हा १९४२ पासून एससीसी २ (एससीसी म्हणजे ब्रिटिश सैन्याचे छद्मरंगांचे प्रमाण) हा तपकिरी रंग मूळ रंग म्हणून वापरात आला. एप्रिल १९४४ मध्ये त्याच्या जागी एससीसी १५ हा ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मातकट हिरवा रंग आला. अमेरिकेहून येणारी वाहने पुन्हा रंगवावी लागू नयेत, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. वाळवंटी भागासाठी फिकट दगडी छटा निराळ्या होत्या. युद्धानंतर ब्रिटिश सैन्याने बीएस ३८१सी या ब्रिटिश रंगप्रमाणातील २२४ क्रमांकाचा गडद, चकचकीत डीप ब्राँझ ग्रीन स्वीकारला. म्हणजेच १९४३ सालचा ट्रक अस्सल रूपात हिरवा नसून तपकिरी असू शकतो, आणि हौशी माणसाला नेमके हेच पटवून घेणे सर्वांत जड जाते.

अमेरिकी वाहनांचा महायुद्धकालीन ऑलिव्ह ड्रॅब हा झळाळी नसलेला, मातकट रंग होता. पिवळ्या मातीच्या रंगद्रव्यात काळा मिसळला की डोळ्याला जी हिरवट छटा दिसते, तीच या रंगाची जात आहे. म्हणून त्यात झाडाच्या पानासारखा उघड हिरवेपणा दिसला, तर कुठेतरी गफलत झाली आहे असे समजावे. अमेरिकेचे फेडरल स्टँडर्ड ५९५ हे रंगप्रमाण १९५६ मध्ये आले, म्हणजे युद्ध संपून दशक उलटल्यावर. त्यामुळे युद्धकाळातील गाडीला त्यातला क्रमांक देणे हे जुळवाजुळवीचे काम असते. या प्रमाणातील पाच अंकी क्रमांकांचा पहिला अंक झळाळी सांगतो (१ चकचकीत, २ अर्धचकचकीत, ३ मॅट म्हणजे झळाळी नसलेला) आणि दुसरा रंगाचा गट. पुनरुज्जीवन करणारे अनेक जण महायुद्धकालीन छटेसाठी ३३०७० हा क्रमांक जवळचा मानतात आणि तो हिरव्याच्या नव्हे, पिवळ्याच्या गटात मोडतो. ३४०८७ हा क्रमांक सर्रास सांगितला जातो. परंतु त्याखालची छटा आवृत्त्यांगणिक बदललेली असल्याने आवृत्ती न पाहता त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

स्वातंत्र्योत्तर भारतीय वाहनांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने जबलपूरला बनलेला शक्तिमान ट्रक, निसानचा एक टनी ट्रक आणि जीपसारखी जोंगा ही वाहने भारतीय बनावटीची असल्याने त्यांच्यासाठी ब्रिटिश वा अमेरिकी तक्ते धुंडाळण्याऐवजी भारतीय मानक आयएस ५ पासून सुरुवात करणे योग्य. तयार रंग व एनॅमलसाठीच्या या मानकात २२० हा क्रमांक ऑलिव्ह ग्रीनचा आहे. रंगाच्या दुकानदारालाही हा क्रमांक परदेशी क्रमांकापेक्षा लवकर समजतो.

तक्ते काहीही सांगोत, सर्वांत भरवशाचा पुरावा गाडीच्या अंगावरच असतो. डॅशबोर्डावरील माहितीपट्टीच्या मागे, सीटखालच्या पेटीत, हत्यारांच्या खणात, ब्रॅकेट आणि चासीच्या मधल्या सांध्यात ऊन व हात पोहोचलेले नसतात, त्यामुळे तेथे मूळ थर टिकून राहतो. माहितीपट्टीचे स्क्रू हलकेच काढून तिच्याखालची जागा ओल्या कापडाने पुसली, की बहुधा पट्टीच्या आकाराचा एक चौकोन बाकीच्या पत्र्याहून वेगळ्या रंगात उठून दिसतो. त्याच्या कडेला बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरने रुपयाएवढ्या जागेत गोल गोल, हात न दाबता घासत गेले, तर थर एकाबाहेर एक अशा कड्यांत उघडतात. सर्वांत बाहेर नागरी मालकाने मारलेला निळा किंवा पिवळा, त्याच्या आत एखादा चकचकीत हिरवा, त्याच्या आत मॅट हिरवा किंवा तपकिरी, मग लालसर प्रायमर आणि मध्यभागी पत्रा, असा क्रम मिळू शकतो. हा क्रम म्हणजे त्या गाडीचे चरित्रच. एका जागेवर समाधान न मानता निदान तीन-चार ठिकाणी अशा कड्या उघडून पाहाव्यात, कारण दरवाजा किंवा बॉनेट दुसऱ्या गाडीचे बसविलेले असण्याची शक्यता नेहमीच असते. गॅरेजमध्ये गाडी आली की आधी सगळा रंग खरवडून पत्रा उघडा करण्याची जी घाई होते, ती या कामात सर्वांत घातक आहे. एका दुपारच्या घासकामात पुन्हा कधीही न मिळणारा पुरावा नाहीसा होतो.

सापडलेला थरही आहे तसा खरा मानता येत नाही. उन्हात राहिलेल्या जुन्या एनॅमलचा वरचा भाग भुकटी होऊन फिकट पडतो, तर अंधारात राहिलेला तेलावर आधारित रंग पिवळसर होतो. म्हणून नमुना घेण्याआधी भुकटीचा पातळ पापुद्रा पुसून काढावा आणि उघडलेली जागा ओली व कोरडी अशा दोन्ही स्थितींत पाहावी. छटेची तुलना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली करू नये. दोन रंग एका प्रकाशात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात उघड वेगळे दिसतात, कारण त्यांतील रंगद्रव्ये भिन्न असतात. यासाठी नमुनापट्टी गाडीशेजारी धरून सकाळी, भर दुपारी आणि सावलीत पाहणे आवश्यक आहे. रंगमापक यंत्राने घेतलेले मोजमाप उपयुक्त असते, पण यंत्राला स्वच्छ व सपाट जागा लागते. भुकटी धरलेल्या पत्र्यावरचे त्याचे उत्तर भुकटीचे असते.

जुनी छायाचित्रे खुणांसाठी अमूल्य आहेत, रंगासाठी नाहीत. कृष्णधवल छायाचित्रात तपकिरी आणि हिरवा सारख्याच करड्या छटेचे दिसू शकतात आणि रंगीत छायाचित्रांचे रंग काळाने ढळतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील कॅव्हलरी टँक म्युझियम हे सोलापूरहून गाठण्याजोगे संग्रहालय असून तेथील वाहनांची बांधणी व खुणा अभ्यासण्यासारख्या आहेत. उघड्यावर मांडलेल्या वाहनांना मात्र देखभालीसाठी पुनःपुन्हा रंग द्यावा लागतो, हे तेथील छटा टिपताना लक्षात ठेवावे.

भारतात या निवडीवर कायद्याचीही मर्यादा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज अन्य मोटार वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगविण्यास मनाई आहे. शिवाय गाडीचा रंग ही नोंदणी प्रमाणपत्रातील नोंद असल्याने तो बदलला की प्रादेशिक परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. एमएच १३ क्रमांकाखाली रस्त्यावर धावणारा ट्रक असेल, तर कॉम्प्रेसर सुरू करण्याआधी सोलापूरच्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. ऑलिव्ह ग्रीनला परवानगी न मिळाल्यास हात चोळत बसण्याचे कारण नाही. थरांच्या कड्यांत पुरावा मिळत असेल, तर युद्धकालीन तपकिरी किंवा लिलावानंतर पहिल्या नागरी मालकाने दिलेला रंगही तितकाच अस्सल ठरतो, आणि डिस्पोजलच्या गाडीच्या आयुष्यात नागरी वर्षे लष्करी वर्षांहून पुष्कळ अधिक असू शकतात.

प्रत्यक्ष रंगकामात झळाळीचा प्रश्न छटेइतकाच मोठा आहे. तोच रंग मॅट केला की फिकट व करडा, चकचकीत केला की गडद दिसतो. म्हणून नमुनापट्टी अंतिम झळाळीतच तयार करावी लागते. सोलापूरच्या हवेचा येथे थेट संबंध येतो. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा स्प्रे गनमधून निघालेल्या तुषारांतील थिनर पत्र्यावर पोहोचण्याआधीच उडून जातो, रंग कोरडा बसतो आणि हाताला खरखरीत लागतो. अशी जागा मूळ मिश्रणापेक्षा फिकट दिसते, आणि पेंटर मग छटा चुकली असे समजून डब्यात काळा वाढवितो, जो पुढे सकाळच्या गारव्यात मारलेल्या दरवाज्यावर भलताच गडद उमटतो. हे टाळण्यासाठी संथपणे उडणारा थिनर वापरावा, पत्रा सावलीत थंड होऊ द्यावा, जमीन पाणी मारून धूळ बसवावी आणि सर्व बाह्य भाग एकाच मिश्रणातून, शक्यतो एकाच सकाळी रंगवावेत. मॅट पृष्ठभागावर पॉलिश किंवा मेण लावू नये. त्याने डागाळलेली झळाळी येते आणि ती जात नाही.

लांबी (पुट्टी) भरण्याच्या बाबतीतही संयम हवा. कारखान्यातून निघालेल्या लष्करी ट्रकवर वेल्डिंगच्या रेषा व दाबाच्या खुणा दिसत असत. मोटारीसारखा आरशागत पत्रा त्यावर शोभत नाही. इंजिनाचा रंगही गृहीत धरू नये: महायुद्धकालीन जीपमध्ये विलीजचे इंजिन ऑलिव्ह ड्रॅब, तर फोर्डचे करडे असे. बॉनेटवरील अमेरिकी नोंदणी अक्षरे आरंभी निळसर आणि नंतर पांढरी होती. भारतीय लष्करी क्रमांकातील वर टोक केलेला बाण प्रदर्शनापुरता रंगवायचा असला, तरी रस्त्यावर परिवहन खात्याचा क्रमांकच लावावा लागतो.

काम पूर्ण झाल्यावर मिश्रणातील प्रत्येक रंगाचे प्रमाण, थिनरचा प्रकार, झळाळी आणि तारीख लिहून ठेवावी व त्याच मिश्रणातून रंगविलेली एक पत्र्याची पट्टी बंद पेटीत जपावी. उघडलेल्या कड्यांपैकी माहितीपट्टीखालची एक कडी न रंगविता, पारदर्शक वॉर्निशचा हात देऊन तशीच ठेवावी, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला निवड तपासून पाहता येते आणि आवश्यक वाटल्यास दुरुस्तही करता येते.