लांबचा पल्ला, मोजके थांबे

एका दिवसात आठशे-हजार किलोमीटर कापायचे आणि वाटेत शक्य तितकं कमी थांबायचं, असं ठरवून जे ग्राहक गाडी तपासायला आणतात, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे.

आधी हिशेब मांडा. ताशी ७५ किलोमीटरची सरासरी धरली तर १००० किलोमीटरला १३ तास २० मिनिटं लागतात. दर दोन तासांनी १५ मिनिटं थांबलात तर सहा थांबे होतात, म्हणजे दीड तास. भरलेल्या डिकीतलं सगळं सामान रस्त्याच्या कडेला उतरवून स्टेपनी काढायची आणि तिच्यात हवाच नाही असं दिसलं, की तेवढा वेळ एका फटक्यात जातो. वेळ खरा खातात ते न ठरवलेले थांबे. ते टाळणं हीच सगळी तयारी.

गाडी कधी आणावी

निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नका. आठ-दहा दिवस आधी करा आणि नंतर गाडी रोजच्या कामाला शंभर-दीडशे किलोमीटर फिरवा. ऑईल फिल्टरची नीट न बसलेली रिंग, होज पाइपची ढिली राहिलेली क्लिप, कूलंट बदलताना आत अडकलेली हवा असे दोष पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्येच उघड होतात. चाकं काढून बसवली असतील तर ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावे लागतात. आदल्या दिवशी काम केलं तर ही सगळी परीक्षा हायवेवर होते.

टायर

लांबच्या प्रवासात टायर फुटतो तो बहुधा उष्णतेमुळे, आणि ती उष्णता येते कमी हवेमुळे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते. ताशी शंभरच्या वेगात हे तासन् तास चाललं की आतलं रबर आणि दोऱ्यांचे थर तापून एकमेकांपासून सुटू लागतात. म्हणून "हायवेला हवा थोडी कमी ठेवा" हा सल्ला ऐकू नका.

किती हवा भरायची ते चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. तिथे बहुतेक वेळा दोन आकडे असतात. माणसं आणि सामान भरून जाणार असाल तर पूर्ण भाराचा आकडा धरा. हवा थंड टायरमध्येच मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. धावल्यावर तीच हवा चार-पाच पीएसआय जास्त दाखवते. ते अपेक्षितच आहे. तापलेल्या टायरमधली "जास्तीची" हवा सोडलीत तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते आणि पुढच्या टप्प्यात तोच टायर अधिक तापतो.

आता टायर जवळून पाहा. कडेवर 'डीओटी' या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर दिसत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि कडेला बारीक भेगा पडतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवा. कुठे लिंबाएवढा फुगवटा लागला तर खड्ड्याच्या मारानं आतल्या दोऱ्या तुटल्या आहेत. असा टायर गावात महिनाभर चालेलही, लांबच्या प्रवासाला नेऊ नका. नक्षीची खोली ३ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर पावसात पाणी कापलं जात नाही, टायर बदलूनच निघा. ताशी ८० ते ११० मध्ये स्टिअरिंग थरथरत असेल तर व्हील बॅलन्सिंग करून घ्या, नाहीतर त्या थरथरीनं चालकाचे खांदे आणि हात थकतात.

स्टेपनीची हवा आणि जॅक निघण्यापूर्वीच पाहून घ्या. स्टेपनी अरुंद असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुधा ८०.

इंजिन आणि ब्रेक

ऑईल सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पाहा. कूलंट टाकीवरच्या दोन खुणांमध्ये असावं. सारखं कमी होत असेल तर वरून भरत राहू नका, गळती शोधून घ्या. गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, झाकण फिरवताच उकळतं पाणी अंगावर येतं.

ब्रेक ऑईल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलाच. ते हवेतला ओलावा शोषतं. 'डॉट ४' या प्रतीचं नवं ब्रेक ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ऑईल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. चढायला जो गिअर लागला असता तोच उतरताना ठेवा. न्यूट्रल कधीच नाही.

इंधन पाव टाकी उरताच भरा. मीटरवर दिसणारे "उरलेले किलोमीटर" आधीच्या चालवण्यावरून काढलेले असतात. चढ किंवा समोरचा वारा लागला की तो आकडा झरझर उतरतो. वेग १०० वरून १२० वर नेला की हवेचा विरोध १.४४ पट होतो, आणि मग इंधनाचा एक थांबा वाढू शकतो.

चालक

गाडी आम्ही तपासून देऊ शकतो, चालकाची झोप नाही. आणि या प्रवासात सर्वांत आधी थकतो तो चालकच.

ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे १११ मीटर बिनचालकाची गाडी. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखं चालतं. सकाळी सहाला उठून दिवसभर काम करून रात्री आठला निघालात, तर तुमचे १७ तास अकरालाच भरतात. त्याऐवजी पुरेशी झोप घेऊन पहाटे उजाडताना निघा. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपोआप मंदावतं. त्या वेळी थांबा ठेवा किंवा चालक बदला.

लेन सोडून गाडी सरकणं, मागचे दोन-तीन किलोमीटर न आठवणं, वळण चुकणं ही धोक्याची घंटा आहे. खिडकी उघडणं किंवा मोठ्यानं गाणी लावणं यानं पेंग जात नाही. सुरक्षित जागी गाडी लावा, कॉफी प्या आणि लगेच १५ ते २० मिनिटं झोपा. कॉफीचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. अर्ध्या तासाहून जास्त झोपलात तर डोकं जड होऊन उठाल. उठल्यावर पाच मिनिटं चाला, मग किल्ली फिरवा. हा उपाय पुढच्या मुक्कामापर्यंत पोहोचण्यापुरता आहे. रात्रभराच्या झोपेची जागा तो घेत नाही.

दोन चालक असतील तर दोन-अडीच तासांनी अदलाबदल करा, दमल्यावर नव्हे. झोपणाऱ्यानं सीट पूर्ण आडवी करू नये, धक्का बसला तर माणूस पट्ट्याखालून सरकतो. एसीची हवा सतत आतल्या आत फिरू देऊ नका. माणसांच्या श्वासानं कोंदट हवेत पेंग येते, म्हणून मधूनमधून बाहेरची हवा घ्या. लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी तोडू नका, घोट घोट पीत राहा. बाटली मात्र पायाशी ठेवू नका, घरंगळून ती ब्रेकच्या पेडलखाली अडकते. सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, चालवायचं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

तपासणीला गाडी आणताना किती माणसं, किती सामान आणि रात्रीचा किती प्रवास, एवढं सांगा. मागे भार असला की हेडलाइटचा झोत वर उठून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हवेचा आकडा आणि झोताचा कोन आम्ही त्या भाराप्रमाणे लावून देतो. स्टेपनी, जॅक आणि पाना गाडीतच राहू द्या, तेही तपासायचे असतात.