पक्ष्याच्या अंगावरची इंग्रजी

टेम्स नदीच्या मुखाशी एक जहाज वाऱ्याअभावी खोळंबलं होतं. त्यातले व्यापारी समुद्रापलीकडच्या, आजच्या नेदरलंड्समधल्या झीलंडला निघालेले. वेळ घालवायला ते किनाऱ्यावर उतरले आणि त्यांच्यातल्या शेफील्ड नावाच्या कापडवाल्याने एका घरी जाऊन खायला 'एग्ज' मागितली. घरातली बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकलाच, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. त्याला अंडी हवी होती, बस्स. शेवटी दुसऱ्या कुणीतरी 'एरेन' हा शब्द उच्चारला, तेव्हा कुठे तिला उमगलं.

इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घालणाऱ्या विल्यम कॅक्स्टनने १४९०च्या सुमारास एका अनुवादाच्या प्रस्तावनेत हा किस्सा लिहून ठेवला आहे. दोघंही इंग्रजीच बोलत होते. तिचा शब्द जुना अँग्लो-सॅक्सन, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या रहिवाशांचा, आणि त्याचा शब्द डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या व्हायकिंगांनी उत्तर इंग्लंडात रुजवलेला. शेवटी टिकला तो पाहुणा शब्द.

'विंग'चीही तीच गोष्ट. अँग्लो-सॅक्सन माणूस पंखांना नुसतं 'पिसं' म्हणायचा, म्हणजे 'फेदर'चंच अनेकवचन वापरायचा. पंखासाठी वेगळा शब्द इंग्रजीला व्हायकिंगांनी दिला. खुद्द 'बर्ड' मात्र घरचाच, फक्त त्याचा अर्थ फुगत गेला. जुन्या इंग्रजीत तो 'ब्रिड' होता आणि त्याचा अर्थ होता पिल्लू. सगळ्या पक्ष्यांना मिळून शब्द होता 'फुगोल', म्हणजे आजचा 'फाउल'. पुढे पिल्लाचा शब्द साऱ्या आकाशाचा झाला आणि आकाशाचा शब्द मुख्यतः कोंबड्या-बदकांपुरता उरला. 'ब्रिड'चं 'बर्ड' कसं झालं याचं नवल वाटायला नको. आपल्याकडेही 'नुकसान'चं 'नुस्कान' होतंच की. आणि आपलं 'पाखरू'सुद्धा वासरू, कोकरू, लेकरू यांच्याच माळेत बसतं.

१०६६ साली फ्रान्सकडचे नॉर्मन इंग्लंड जिंकून आले आणि त्यांच्यासोबत सरदारांची फ्रेंच आली. बहिरी ससाणे पाळून शिकार करणं हा या लोकांचा जीव की प्राण, त्यामुळे शिकारी पक्ष्याच्या अंगावरचे शब्द फ्रेंच झाले. 'टॅलन' म्हणजे फ्रेंचमध्ये टाच. ससाण्याच्या मागच्या बोटाची नखी ती टाच, आणि मग सगळ्याच नख्या टॅलन. 'बीक' हाही फ्रेंचमधूनच आला, पण त्याचं मूळ फ्रान्सच्या जुन्या गॉल लोकांच्या बोलीत. घरचा 'बिल' हटला नाही. बदकाच्या चपट्या चोचीला आजही बिल आणि गरुडाच्या बाकदार चोचीला बीक म्हणायचा कल दिसतो. मराठीत दोन्ही चोचच. लंडनमध्ये राजाचे ससाणे पिसं झडण्याच्या काळात जिथे ठेवत त्या जागेला 'म्यूज' म्हणत, कारण फ्रेंचमध्ये पिसं झडण्यासाठी तसं क्रियापद आहे. सोळाव्या शतकात तिथे राजाचे घोडे बांधले जाऊ लागले आणि म्यूज म्हणजे तबेला, आणि पुढे तबेल्यांची गल्ली, असा अर्थ रूढ झाला. एका पक्ष्याच्या पिसांमुळे लंडनच्या गल्ल्यांना नाव मिळालं, हे मला फार सुंदर वाटतं.

स्वयंपाकघरातही फ्रेंच शिरली. चिकनच्या दुकानात आपण कलेजी-पेटा मागतो, त्यातल्या पेट्याचा 'गिझर्ड' फ्रेंचमार्गे लॅटिनपर्यंत जातो.

मग विद्वानांचा थर बसला, तो लॅटिन-ग्रीकचा. छातीवरचं दुबेळकं हाड 'फर्क्युला', म्हणजे छोटा काटा. पंखाच्या अंगठ्यावरचा लहानसा झुपका 'अल्युला', म्हणजे छोटा पंख. पक्ष्याच्या श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या आवाजाच्या अवयवाला 'सिरिंक्स' म्हणतात, ते ग्रीक पावरीचं नाव. उलटा प्रवासही घडला. माणसाच्या पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक ग्रीक वैद्यांना कोकिळेच्या जातीतल्या पक्ष्याच्या चोचीसारखं दिसलं, म्हणून ते 'कॉक्सिक्स', म्हणजे कुकू. आपण त्याच हाडाला माकडहाड म्हणतो. त्यांना चोच दिसली, आपल्याला गेलेली शेपटी.

या सगळ्या थरांच्या तळाशी मात्र इंग्रजी आणि मराठी एकाच घरात भेटतात. संस्कृतात 'पत्' म्हणजे उडणं, पडणं. त्यावरून 'पत्र', म्हणजे पंख, पीस, पान आणि मग चिठ्ठी. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही ज्या आदिभाषेतून निघाल्या, तिथल्या त्याच धातूतून इंग्रजीचं 'फेदर' आलं. पितृ आणि फादर यांत जसा 'प'चा 'फ' झाला, तसाच इथेही. 'पेन' हा लॅटिनमधला पिसाचा शब्द, तोही याच कुळातला. 'गूज' आणि 'हंस' ही सख्खी भावंडं.

रोमन लोक मोठं काम काढण्याआधी पक्षी कसे उडतात ते बघत. लॅटिनमध्ये 'आविस' म्हणजे पक्षी, वेदांतला 'वि' म्हणजेही पक्षी. आविस आणि 'पाहणे' मिळून जो शब्द झाला त्याचा वंशज म्हणजे 'ऑस्पिशस', अर्थात शुभ. आपला 'शकुन' त्याच वाटेने आला आहे, कारण संस्कृतात शकुन म्हणजेही पक्षी. मुहूर्ताच्या वेळेआधी 'ऑस्पिशस' छापलेल्या इंग्रजी लग्नपत्रिका आपल्याकडे घरोघरी येतात. त्या शब्दात एक पक्षी आहे, आणि 'पत्रिका'त त्याचं पीस.