तारिक: रात्री दार ठोठावणारा

मालेगाव-भिवंडीपासून मोरोक्कोपर्यंत मुलांना ठेवलं जाणारं 'तारिक' हे नाव त-र-क या तीन व्यंजनांवर उभं आहे. अरबीतल्या बहुतेक शब्दांचं मूळ असंच तीन व्यंजनांचं असतं. अर्थाचा गाभा व्यंजनांत असतो आणि मधले स्वर बदलले की नवा शब्द घडतो. त-र-क म्हणजे ठोकणं. हातोड्याला अरबीत 'मित्रका' म्हणतात आणि पावलांनी तुडवून पडलेल्या वाटेला 'तरीक'. खुलताबादला ज्यांचे दर्गे आहेत त्या चिश्ती सुफींचा 'तरीका', म्हणजे साधनेची वाट, तोही याच मुळाचा.

पहिल्या व्यंजनानंतर 'आ' आणि दुसऱ्यानंतर ऱ्हस्व 'इ' घातला की ती क्रिया करणारा तयार होतो. तारिक म्हणजे ठोठावणारा. हा साचा आपल्या रोजच्या मराठीतही आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. साहेब (मूळ साहिब, सोबत करणारा), गाफील, जालीम, वारस हे सगळे त्यातलेच. फारसीच्या वाटेनं येताना काहींचे स्वर तेवढे बदलले. 'तारीख' मात्र यांच्या नात्यातली नाही, तिचं मूळही वेगळं आणि साचाही वेगळा.

रात्री दारं बंद असतात, आलेल्याला ती ठोठवावीच लागतात. म्हणून रात्री येणारा पाहुणा तो तारिक, आणि पुढे रात्री दिसणारा ताराही. कुराणाच्या ८६व्या सूरेचं, म्हणजे अध्यायाचं, नाव 'अत-तारिक' आहे, आणि तारिक म्हणजे 'भेदून जाणारा तारा' असा खुलासा तिथेच येतो. हा तारा कोणता? जुन्या भाष्यकारांपैकी कुणी शनी म्हणतं, कुणी कृत्तिका. कोशकार पहाटतारा सांगतात. अलीकडे काहीजण ठरावीक अंतरानं रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या 'पल्सार' या प्रकारच्या ताऱ्याशी त्याचा संबंध जोडतात. मला ते पटत नाही. पहिला पल्सार १९६७ साली, तोही रेडिओ दुर्बिणीनं सापडला. सातव्या शतकातल्या श्रोत्यांपुढे डोळ्यांना दिसणारं आकाश होतं.

या नावाची सर्वांत ठळक खूण युरोपच्या नकाशावर आहे. ७११ साली उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांपैकी असलेला सेनापती तारिक इब्न झियाद आफ्रिका आणि युरोपमधली सामुद्रधुनी ओलांडून स्पेनच्या दक्षिण टोकाला उतरला आणि त्यानं तेव्हा स्पेनवर राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथ लोकांचा राजा रॉडरिक याचा पराभव केला. तिथल्या ४२६ मीटर उंच चुनखडीच्या खडकाला अरबांनी 'जबल तारिक', तारिकचा डोंगर, असं नाव दिलं. स्पॅनिश तोंडात शेवटचा 'क' गळाला आणि त्याचं जिब्राल्टर झालं.