रासायनिक ऊर्जा आणि तिचं रूपांतर

रासायनिक ऊर्जा म्हणजे पदार्थातले अणू एकमेकांना ज्या पद्धतीने बांधलेले असतात त्या बांधणीमुळे त्यात साठलेली ऊर्जा. अभिक्रिया झाली की बांधणी बदलते, नव्या बांधणीची ऊर्जा आधीपेक्षा कमी असेल तर फरक बाहेर पडतो, कधी उष्णता, कधी प्रकाश, कधी थेट वीज. पेट्रोल, गॅस, बॅटरी, फटाके, सकाळी खाल्लेले पोहे, सगळीकडे हाच प्रकार.

शाळेपासून अनेकांच्या डोक्यात बसलेलं असतं की बंध तुटला की ऊर्जा मिळते. साफ उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते, म्हणून तर गॅस नुसता सोडून पेटत नाही, लायटरची ठिणगी लागते. मग कार्बन आणि हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जास्त घट्ट बंध जोडतात आणि त्यात घातल्यापेक्षा कितीतरी जास्त परत मिळतं. त्यामुळे सगळी ऊर्जा इंधनातच असते म्हणणं अर्धवट आहे, ऑक्सिजन धरूनच हिशोब करायचा.

स्फोटकांचं बघा. किलोभर पेट्रोल जळलं की सुमारे ४५ मेगाज्यूल, तेवढ्याच टीएनटीतून स्फोटात जेमतेम ४-४.५! पण टीएनटीच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, हवेची वाट बघावी लागत नाही, सगळं मिलिसेकंदाच्याही आत उरकतं. पुण्यात पाषाणला या विषयाची अख्खी सरकारी प्रयोगशाळा आहे, एचईएमआरएल (हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी), आणि खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासूनचा.

इंजिनात रूपांतर आडवळणाने होतं, आधी उष्णता, मग वायू फुगून पिस्टन ढकलणार, मग चाक, आणि उष्णतेच्या वाटेने गेलं की बरीच ऊर्जा सायलेन्सर आणि रेडिएटरमधून वाया जाणारच. पेट्रोल इंजिनात २०-३० टक्के हाताला लागलं तरी खूप. फ्युएल सेल, म्हणजे इंधनातून थेट वीज काढणारं साधन, उष्णतेचा हा टप्पाच गाळतो: हायड्रोजनचे प्रोटॉन पातळ पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनना तारेतून फिरून जावं लागतं, तीच वीज, पलीकडे दोघं ऑक्सिजनशी जुळतात आणि मागे उरतं पाणी. केपीआयटी ही पुण्याची कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी बनवलेली अशी हायड्रोजन बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच दाखवली गेली.

आपलं शरीरही फार काटकसरी नाही. ६५ किलोचा माणूस पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगडावर साधारण ६०० मीटर चढला तर वजन वर नेण्याचं काम अंदाजे ९० किलोकॅलरी, स्नायूंची कार्यक्षमता २०-२५ टक्के म्हणून प्रत्यक्षात खर्च ३६०-४५० किलोकॅलरी, बाकीची उष्णता घामावाटे. तेलात ग्रॅमला ९ किलोकॅलरी असतात, म्हणजे हा सगळा चढ ४०-५० ग्रॅम तेलाचा, आणि वर कांदाभजी तयारच असते :)

उलट्या दिशेचं रूपांतरही रोजचंच. झाडं सूर्यप्रकाशातून साखर बनवतात. घरच्या इन्व्हर्टरच्या नेहमीच्या लेड-ॲसिड (शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या) बॅटरीत सुमारे २ व्होल्टचे ६ सेल असतात, वापरताना प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, चार्जिंगला लावलं की त्याचं परत शिसं आणि लेड डायऑक्साइड होतं आणि ॲसिड पुन्हा दाट होतं. पूर्ण भरल्यावरही करंट चालूच राहिला तर तो पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन करतो, म्हणून अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि बॅटरी बंद कपाटात ठेवू नका म्हणतात.