दोन हान्सेन, दोन सूक्ष्मजीव

हान्सेन म्हणजे हान्सचा मुलगा. डेन्मार्क-नॉर्वेत पूर्वी वडिलांच्या नावाला मुलासाठी ‘सेन’ आणि मुलीसाठी ‘दातर’ जोडत. आपण वडिलांचं नाव मधे लिहितो, ते शेवटी लिहीत, त्यामुळे दर पिढीला शेवटचं नाव बदलायचं. पुढे डेन्मार्कमध्ये १८२८च्या हुकमानं आणि नॉर्वेत १९२३च्या कायद्यानं कायमची आडनावं ठेवायला लावली. शहरांत ती त्याआधीच रुळली होती. म्हणून तर नॉर्वेतल्या बर्गनच्या गेऱ्हार्ड आर्माउअर हान्सेनचे वडील हान्स नव्हते, क्लाउस होते.

हा गेऱ्हार्ड १८४१चा आणि डेन्मार्कमधल्या रीबे गावचा एमिल क्रिश्चन हान्सेन १८४२चा. नातं काही नाही, पण दोघांनीही आयुष्य सूक्ष्मजीवांमागे घातलं.

त्या काळी बर्गनमध्ये कुष्ठरोग्यांसाठी वेगळी रुग्णालयं होती. रोग आनुवंशिक आहे, असं तिथले बडे डॉक्टर डॅनियलसन मानत, आणि ते गेऱ्हार्डचे सासरेच. २८ फेब्रुवारी १८७३ रोजी गेऱ्हार्डला रुग्णाच्या गाठीतल्या द्रवात बारीक काड्यांसारखे जंतू दिसले. रोग रक्तातून वारशानं येत नाही, जंतूमुळे होतो, असं त्याचं मत झालं. पण सिद्ध कसं करणार? जंतू प्रयोगशाळेत वाढेना, सशांना टोचून रोग होईना.

मग १८७९ साली त्यानं जे केलं ते मला आजही वाचवत नाही. रुग्णालयातल्या कारी नील्सदातर या बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. कारी, नील्सची मुलगी. तिची वेदना खटल्यापर्यंत पोचली आणि १८८०मध्ये गेऱ्हार्डची रुग्णालयातली नोकरी गेली. देशाचा कुष्ठरोग अधिकारी मात्र तोच राहिला. कुष्ठरोगाला ‘हान्सेनचा रोग’ म्हणताना कारीचंही नाव घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

एमिलचा सूक्ष्मजीव, म्हणजे बिअर आंबवणारं यीस्ट, उलट्या स्वभावाचा. सुरुवातीला घरं रंगवणारा हा माणूस कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोचला. बिअर मधेच कडू, वासाची का होते? यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळलेलं असतं म्हणून, हे त्यानं शोधलं. यीस्टचं पाणी इतकं पातळ करायचं, की थेंबात एखादीच पेशी उरेल, आणि त्या एकीपासून सगळी पैदास घ्यायची. १८८३ साली असा शुद्ध वाण कारखान्यात वापरात आला. मालक याकोबसेन यांनी तो इतर बिअरवाल्यांनाही मोकळेपणानं दिला. (याच प्रयोगशाळेत १९०९मध्ये सोरेनसेननं आम्लता मोजायचं पीएच हे मोजमाप आणलं. तेही ‘सेन’च!)

पोषक वातावरणात यीस्ट दोनेक तासांत दुप्पट होतं. कुष्ठरोगाच्या जंतूला त्याच कामाला साधारण दोन आठवडे लागतात, तेही जिवंत शरीरात. काचेच्या बशीत तो अजूनही वाढत नाही. अभ्यासासाठी त्याला उंदराच्या थंड पंजात किंवा आर्माडिलो या कवचधारी प्राण्याच्या अंगात वाढवावं लागतं.